अँटिजेन ओळखले, तरी टी पेशी का थांबते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टी पेशी म्हणजे जंतूंशी लढणारी पांढरी पेशी. तिचा रिसेप्टर, म्हणजे पृष्ठभागावरचा ओळख पटवणारा रेणू, असंख्य पेप्टाइडांतून (प्रथिनांच्या तुकड्यांतून) एक नेमके पेप्टाइड, म्हणजे तिचे अँटिजेन, ओळखतो. एवढी नेमकी ओळख पटल्यावरही तिला सीडी२८ या तिच्याच पृष्ठभागावरच्या आणखी एका रेणूकडून दुसरा सिग्नल का लागतो? तो मिळाला नाही तर पेशीचे काय होते? आणि कॅन्सर, संधिवात, मूत्रपिंडरोपण यांच्या नव्या औषधांत हे नाव सारखे का येते? विचारणारी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी आहे. ‘सिग्नल १, सिग्नल २, सिग्नल ३’ ही आकृती तिला पाठ आहे, पण पटलेली नाही. न पटणे रास्तच आहे, कारण त्या आकृतीत तीन बाण काढलेले असतात आणि प्रत्येक बाण कुठली माहिती घेऊन येतो ते लिहिलेले नसते.

रिसेप्टरला फक्त आकार कळतो. समोरच्या पेशीवर पेप्टाइडे मांडून दाखवणाऱ्या एमएचसी रेणूच्या खोबणीत बसलेले छोटे पेप्टाइड आपल्याशी जुळते की नाही, एवढेच तो सांगू शकतो. ते पेप्टाइड इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचे आहे, काल खाल्लेल्या शेंगदाण्याचे आहे, की स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिनचे आहे, हे त्या आकारावरून कळायला काही मार्ग नाही. शिवाय हे रिसेप्टर घडतात तेच मुळी यदृच्छेने. जनुकांचे तुकडे प्रत्येक पेशीत वेगळ्या तऱ्हेने जोडले जातात, त्यामुळे स्वतःच्या प्रथिनांना चिकटणारे रिसेप्टरही तयार होणारच. छातीतल्या थायमस ग्रंथीत त्यांची छाननी होते, बहुतेक धोकादायक पेशी तिथेच मारल्या जातात. पण ही छाननी शंभर टक्के होत नाही. अगदी निरोगी माणसाच्या रक्तातही स्वतःच्या प्रथिनांना ओळखणाऱ्या टी पेशी सापडतात. ओळख पटली की लगेच हल्ला, असा नियम असता तर यातली प्रत्येक पेशी एखादा अवयव कुरतडत बसली असती.

मग धोका आहे की नाही, हे ठरवते कोण? डेंड्रिटिक पेशी. त्वचेत, फुफ्फुसात, आतड्याच्या अस्तरात या पेशी पसरलेल्या असतात आणि आजूबाजूचे जे मिळेल ते गिळत असतात. एरवी त्यांच्या पृष्ठभागावर बी७ गटातले रेणू, म्हणजे सीडी८० आणि सीडी८६, बेताचेच असतात. पण गिळलेल्या मालात जिवाणूच्या भिंतीचा अंश, विषाणूचा आरएनए असे काही निघाले, तर टोल-सारख्या रिसेप्टरांमधून पेशीला इशारा मिळतो. हे रिसेप्टर यदृच्छेने घडत नाहीत. जंतूंच्या काही ठरावीक खुणा ओळखण्याची त्यांची क्षमता उत्क्रांतीत पक्की झालेली आहे. इशारा मिळाला की डेंड्रिटिक पेशी जागा सोडते, लसिका ग्रंथीकडे निघते आणि वाटेत तिचे रूप पालटते. सीडी८६ काही तासांत वाढतो, सीडी८० त्याच्या मागून. ग्रंथीत पोचेपर्यंत तिच्या अंगावर दोन गोष्टी शेजारीशेजारी असतात: पेप्टाइड, आणि ‘हे जिथून आणले तिथे गडबड होती’ ही खबर. टी पेशीचा रिसेप्टर पहिली गोष्ट वाचतो, सीडी२८ बी७ला बांधून दुसरी.

माझ्या मते या विषयातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य हेच आहे, आणि आकृतीत नेमके तेच नसते. दोन्ही सिग्नल एकाच निरोपाच्या दोन प्रती नाहीत. पहिला येतो शिकून घेणाऱ्या प्रतिकारशक्तीकडून, दुसऱ्याचे मूळ जन्मजात प्रतिकारशक्तीत आहे. एक सांगतो ‘काय’, दुसरा सांगतो ‘कुठल्या परिस्थितीत’.

लस बनवणाऱ्यांना हे अनुभवाने फार आधीपासून ठाऊक होते. शुद्ध केलेले प्रथिन नुसते टोचले तर प्रतिसाद जेमतेम येतो. सोबत फिटकरीच्या जातीचा ॲल्युमिनिअमचा क्षार किंवा, प्राण्यांवरच्या प्रयोगांत, मेलेले मायकोबॅक्टेरिया मिसळले की भरघोस येतो. यालाच ॲडज्युव्हंट म्हणतात. येल विद्यापीठातल्या चार्ल्स जेनवे यांनी १९८९मध्ये याला आपल्या शास्त्राचे लाजिरवाणे गुपित म्हटले. सगळे जण ॲडज्युव्हंट वापरत होते, आणि तो का लागतो हे कुणी विचारत नव्हते. जेनवेंचा कयास होता की जंतूच्या खुणा वाचणारे रिसेप्टर असले पाहिजेत आणि दुसरा सिग्नल त्यांच्यामुळेच चालू होत असला पाहिजे. पुढे तसेच निघाले. आपल्याकडचे उदाहरण कोव्हॅक्सिनचे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केलेला करोना विषाणू निष्क्रिय करून ही लस बनवली. निष्क्रिय विषाणू वाढत नाही, त्यामुळे तो स्वतःहून फारसा गोंधळ घालत नाही. म्हणून तिच्यातल्या ॲल्युमिनिअम क्षाराबरोबर टीएलआर७ आणि टीएलआर८ हे टोल-सारखे रिसेप्टर चेतवणारा एक रेणू जोडलेला आहे. डेंड्रिटिक पेशीची समजूत व्हावी की विषाणूचा आरएनए आला आहे, एवढ्यासाठी.

आता इतिहासाकडे वळतो, कारण दुसरा सिग्नल नसेल तर काय होते याचे उत्तर तिथे दडले आहे.

दोन सिग्नलांची कल्पना १९७०मध्ये ब्रेचर आणि कोन यांनी मांडली, तीही प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींसाठी. टी पेशींना ती लावली ऑस्ट्रेलियात लॅफर्टी आणि कनिंगहॅम यांनी, १९७५मध्ये. लॅफर्टींचा त्याच सुमाराचा एक प्रयोग मला फार आवडतो. एका उंदराची थायरॉइड ग्रंथी दुसऱ्या जातीच्या उंदरात बसवली तर ती नाकारली जाते. पण तीच ग्रंथी आधी काही काळ भरपूर ऑक्सिजनच्या वातावरणात वाढवून मग बसवली, तर टिकते. थायरॉइडच्या पेशींवरचे परके एमएचसी रेणू जसेच्या तसे असतात. गेलेल्या असतात त्या फक्त ग्रंथीत अडकलेल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे दुसरा सिग्नल देऊ शकणाऱ्या पेशी. परकेपणा शिल्लक आहे आणि तरी हल्ला होत नाही. सीडी२८ हे नाव जन्मायच्या आधीचा हा प्रयोग आहे.

त्यानंतरचा टप्पा १९८७चा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क जेन्किन्स आणि रोनाल्ड श्वार्ट्झ यांनी उंदराच्या प्लीहेतल्या पेशी एका रसायनाने ‘फिक्स’ केल्या. त्यांच्यावरचे एमएचसी आणि पेप्टाइड शाबूत राहिले, पण त्या पेशी आता नवे काही बनवू शकत नव्हत्या. त्या टी पेशींना दाखवल्या. टी पेशी वाढल्या नाहीत, हे अपेक्षितच होते. खरी गंमत पुढे आहे. त्याच टी पेशी धुऊन, थोडा अवकाश देऊन, मग ताज्या आणि निरोगी प्लीहापेशींबरोबर ठेवल्या, म्हणजे आता दोन्ही सिग्नल हजर. तरीही त्या हलल्या नाहीत. आयएल-२, म्हणजे टी पेशींना वाढायला लावणारा निरोपी रेणू, बनवणे त्यांनी जवळजवळ बंद केले होते. त्या मेल्या नव्हत्या, बाहेरून आयएल-२ दिले की वाढत होत्या. म्हणजे पहिला सिग्नल एकटा मिळाला होता आणि त्याने त्यांना कायमची नाही तरी दीर्घकाळची सुस्ती आणली होती. हीच ॲनर्जी.

पुढच्याच वर्षी याच गटाने दाखवले की फिक्स केलेल्या पेशींबरोबर वेगळ्या जातीच्या उंदराच्या ताज्या पेशी टाकल्या, ज्या या टी पेशींना अँटिजेन दाखवूच शकत नाहीत, तर ही सुस्ती टळते. दुसरा सिग्नल पहिल्यापासून वेगळा काढता येतो याचा इतका स्वच्छ पुरावा त्याआधी नव्हता. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रयोगशाळेतल्या बशीत दुसऱ्या पेशीकडून मिळालेला सिग्नल चालून जातो. शरीरात मात्र तो बहुधा त्याच पेशीकडून यावा लागतो, आणि ते बरेच आहे. शेजारच्या पेशीचा इशारा धरून टी पेशी चालू होऊ लागल्या, तर प्रत्येक फ्लूबरोबर आसपासच्या निरपराध प्रथिनांवरही हल्ला व्हायचा.

वर्गात बहुतेक जण बँकेच्या लॉकरचे उदाहरण देतात: एक किल्ली ग्राहकाची, एक बँकेची, दोन्ही लागल्या की दार उघडते. मीही देतो, पण लगेच पुढे सांगतो की ते निम्मेच खरे आहे. लॉकरला एकच किल्ली लावली तर काहीही होत नाही, उद्या परत या. टी पेशीला एकटी पहिली किल्ली लावली तर कुलूपच अडकून बसते.

ते अडकते कसे, ते पेशीच्या आत पाहायला हवे. रिसेप्टर जुळला की एलसीके हे एन्झाइम रिसेप्टरला जोडलेल्या सीडी३च्या शेपट्यांवर फॉस्फेट चढवते, त्यावर झॅप-७० हे दुसरे एन्झाइम येऊन बसते, आणि तिथून तीन वाटा फुटतात. एका वाटेने पेशीतले कॅल्शियम वाढते आणि एनएफएटी नावाचे, जनुके चालू करणारे प्रथिन केंद्रकात शिरते. दुसऱ्या वाटेने एपी-१ हे तसेच प्रथिन तयार होते. तिसरीने एनएफ-कप्पा-बी. आयएल-२च्या जनुकापुढे या तिघांनाही बसायच्या जागा आहेत आणि तिन्ही भरल्या तरच ते जनुक जोरात चालते. रिसेप्टर एकटा असेल तर कॅल्शियमची वाट सहज चालू होते, बाकीच्या दोन मात्र मरगळलेल्या राहतात. केंद्रकात एनएफएटी भरपूर आणि एपी-१ नगण्य, अशी अवस्था येते. जोडीदार नसलेले एनएफएटी स्वस्थ बसत नाही. ते वेगळीच जनुके चालू करते. त्यांतून येणारी प्रथिने, उदाहरणार्थ डायअसिलग्लिसरॉल कायनेज किंवा ग्रेल, रिसेप्टरच्या पुढच्या साखळीतले दुवे बोथट करतात किंवा त्यांची विल्हेवाट लावतात. म्हणून श्वार्ट्झ यांच्या टी पेशींना नंतर दोन्ही सिग्नल मिळूनही उपयोग झाला नाही. हे बशीत स्वतः करून पाहता येते. टी पेशींना नुसते आयोनोमायसिन द्या, म्हणजे फक्त कॅल्शियम. पेशी सुस्तावतात. त्याच्या जोडीला पीएमए हे रसायन द्या, म्हणजे बाकीच्या वाटाही उघडतात. पेशी पेटून उठतात.

सीडी२८ची शेपटी छोटी आहे आणि तिला स्वतःची एन्झाइमगिरी नाही. तिच्यावर दुसरे रेणू येऊन बसतात, मुख्यतः पीआय-३ कायनेज आणि जीआरबी२, आणि एलसीके. त्यातून एपी-१ आणि एनएफ-कप्पा-बीच्या वाटांना जोर मिळतो. एकेटी हे एन्झाइम चालू होते, आणि पेशी ग्लुकोज ओढू लागते. हे दुय्यम वाटते पण नाही. विश्रांतीतली टी पेशी अगदी काटकसरीने जगते. तिला पुढचे काही दिवस, दिवसाला दोन-तीनदा या वेगाने, दुप्पट व्हायचे असते. इंधनाची सोय न करता तो हुकूम देणे व्यर्थ आहे. याच्या जोडीला बीसीएल-एक्सएल हे जगवणारे प्रथिन वाढते, आणि आयएल-२चा एमआरएनए, म्हणजे त्याच्या जनुकाची कामापुरती प्रत, जास्त वेळ टिकतो. हे शेवटचे १९८९मध्ये क्रेग थॉम्पसन आणि कार्ल जून यांच्या गटाने दाखवले. जून हे नाव ध्यानात असू द्या, पुढे परत येईल.

सीडी२८ हा नवा सिग्नल देतो की रिसेप्टरचाच आवाज मोठा करतो, यावर जाणकारांत जुना वाद आहे. दोन्ही बाजूंना पुरावा आहे. माझा कल थोडा दुसऱ्या मताकडे आहे, कारण प्लेटवर सीडी३ची प्रतिपिंडे, जी रिसेप्टरला पहिल्या सिग्नलसारखी चेतवतात, भरपूर लावली तर सीडी२८शिवायही टी पेशी बऱ्यापैकी वाढतात. पण शरीरात एका डेंड्रिटिक पेशीवर एका विशिष्ट पेप्टाइडाचे रेणू मोजकेच असतात, आणि तिथे हा ‘नुसता आवाज’ सगळे काही ठरवतो.

आता सीटीएलए-४. हा रेणू १९८७मध्ये फ्रान्समधल्या गोलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत सापडला. दिसायला सीडी२८चा भाऊ, आणि बांधतो त्याच बी७ला, पण किमान दहा-वीस पट घट्ट. बरीच वर्षे लोक त्याला आणखी एक उत्तेजक रेणू समजत होते. १९९५मध्ये त्याचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले आणि वाद मिटला. ती पिल्ले तीन-चार आठवड्यांत दगावत, हृदयापासून स्वादुपिंडापर्यंत सगळीकडे टी पेशींची गर्दी. म्हणजे सीटीएलए-४ हा ब्रेक होता. तोवर जेम्स ॲलिसन आणि जेफ्री ब्लूस्टोन या दोघांच्या गटांनीही वेगवेगळ्या मार्गांनी तेच दाखवले होते.

ब्रेकची रीत मोठी मजेदार आहे. सीटीएलए-४ बी७ला पकडतो आणि समोरच्या पेशीच्या पडद्यातून तो उपटून आपल्या पेशीत ओढून घेतो. तिथे त्याची मोडतोड होते. हे काम सगळ्यात जास्त करतात त्या नियामक टी पेशी, म्हणजे इतर टी पेशींना आवरणाऱ्या. त्या डेंड्रिटिक पेशींभोवती रेंगाळतात आणि त्यांच्या अंगावरचे बी७ सोलून काढतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की सीडी२८कडे चालू-बंदच्या बटणासारखे पाहू नका. बी७चा साठा मर्यादित, त्यावर दोन गिऱ्हाइके. कुणाच्या वाट्याला किती येते, यावर टी पेशीचे पुढचे ठरते. माणसातही हे प्रमाण किती नाजूक आहे ते २०१४मध्ये कळले. सीटीएलए-४च्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेल्या लोकांना आतड्याचा दाह, रक्तपेशींचा नाश, फुफ्फुसात टी पेशींची दाटी असे आजार होतात. पूर्ण अभाव लागत नाही, निम्मा पुरतो.

औषधांचे गणित इथून सरळ आहे. टी पेशींना आवरायचे असेल तर बी७ झाकून टाका. सीटीएलए-४चा बाहेरचा भाग प्रतिपिंडाच्या शेपटीला जोडला की तयार होते अबाटासेप्ट. रुमेटॉइड संधिवातासाठी ते २००५मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्यात दोन अमिनो आम्ले बदलून पकड आणखी घट्ट केलेले बेलाटासेप्ट २०११मध्ये मूत्रपिंडरोपणासाठी आले. बेलाटासेप्टचे निकाल वाचण्यासारखे आहेत. पहिल्या वर्षी सायक्लोस्पोरिन या जुन्या औषधाच्या तुलनेत अवयव नाकारण्याचे झटके जास्त आले, तरीही सात वर्षांनी रुग्ण आणि मूत्रपिंड दोन्ही जास्त टिकले होते, आणि मूत्रपिंडाचे काम चांगले होते, कारण सायक्लोस्पोरिन मूत्रपिंडालाच इजा करते. सुरुवातीचे झटके का? स्मृतिपेशींना सीडी२८ची गरज नव्या पेशींइतकी नसते. आयुष्यभराच्या संसर्गांत घडलेल्या काही स्मृतिपेशी परक्या एमएचसीलाही ओळखतात, आणि त्या बी७ झाकले तरी ऐकत नाहीत. या औषधाची एक अट प्रत्यारोपण करणाऱ्यांना तोंडपाठ हवी: एप्स्टाइन-बार विषाणूचा संसर्ग ज्याला पूर्वी कधीच झालेला नाही, त्याला ते द्यायचे नाही. नवा संसर्ग झाला तर त्याला रोखणाऱ्या टी पेशी तयार होणार नाहीत आणि लिम्फोमासारखा (लसिका पेशींच्या कॅन्सरसारखा) आजार उद्भवू शकतो.

उलट टी पेशींना मोकळे सोडायचे असेल तर ब्रेकवर प्रतिपिंड टाका. ॲलिसन यांनी १९९६मध्ये उंदरांतल्या गाठी अशा विरघळवल्या. त्यातून आलेले इपिलिमुमॅब २०११मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी मंजूर झाले. पीडी-१ हा दुसरा ब्रेक क्योतोच्या तासुकू होंजो यांच्याकडे १९९२मध्ये सापडला होता. २०१८चे नोबेल या दोघांचे. पीडी-१ बद्दल एक धागा इथे जोडतो. २०१७मध्ये असे दिसले की पीडी-१ फॉस्फेट उतरवतो ते रिसेप्टरच्या साखळीपेक्षा अधिक सीडी२८च्या शेपटीवरचे. म्हणजे दोन्ही ब्रेक शेवटी सीडी२८लाच गाठतात, एक बाहेरून, एक आतून. पीडी-१ची औषधे महाग आहेत, पण रिसेप्टर झाकायला ती फार लागत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब या पीडी-१वरच्या औषधाचे दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिले. एरवीचा डोस याच्या दहा पटींहून जास्त असतो. वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. २०२३मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. इथल्या रुग्णाच्या दृष्टीने माझ्या लेखी तो पुष्कळ परदेशी चाचण्यांहून मोलाचा आहे.

मग ब्रेक काढण्याऐवजी सरळ सीडी२८च चेतवला तर? हा प्रयोग माणसांवर झाला, आणि तो कसा झाला हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

टीजीएन१४१२ ही सीडी२८वरची प्रतिपिंडे साधी नव्हती. रेणूच्या ज्या बाजूला ती बसत, तिथून ती पहिल्या सिग्नलशिवायच टी पेशीला चालू करत. उंदीर-घुशींच्या प्रयोगांत यातून नियामक टी पेशी वाढत आणि दाह कमी होई, म्हणून संधिवात आणि एका प्रकारच्या ल्युकेमियासाठी औषध म्हणून ती आणली गेली. माकडांना भरपूर डोस देऊनही काही झाले नाही. १३ मार्च २००६ला लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातल्या चाचणी केंद्रात आठ निरोगी तरुणांना सलाइनमधून इंजेक्शन द्यायला सुरुवात झाली. दोघांना नुसते द्रावण, सहा जणांना औषध, एकापाठोपाठ एक, मध्ये दहा-दहा मिनिटांचे अंतर. डोस होता किलोला ०.१ मिलिग्रॅम, माकडांना सोसलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाइतका. तास-दीड तासात सहाही जणांना डोकेदुखी, पाठदुखी, ताप, मळमळ सुरू झाली आणि रक्तदाब कोसळला. पहिल्याला त्रास सुरू झाला तोवर सगळ्यांना औषध देऊन झाले होते. रक्तातल्या लिम्फोसाइट जवळजवळ नाहीशा झाल्या, अनेक अवयव ढेपाळले. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले आणि वाचले, पण एकाला हातापायांच्या बोटांचे भाग गमवावे लागले.

चुकले कुठे? माकडांच्या सीडी२८चा बाहेरचा भाग माणसासारखाच आहे, हे तपासलेले होते. पण तो रेणू कुठल्या पेशींवर आहे याकडे लक्ष गेले नाही. माणसाच्या सीडी४ प्रकारच्या प्रभावी स्मृतिपेशींवर सीडी२८ असतो, या माकडांच्या तशा पेशींवर तो नसतो. आणि ज्या पेशी क्षणात सायटोकाइन, म्हणजे दाह पेटवणारे निरोपी रेणू, ओतू शकतात त्या नेमक्या याच. प्रयोगशाळेतले उंदीर रोगजंतूंपासून दूर, स्वच्छ वातावरणात वाढलेले, त्यांच्याकडे स्मृतिपेशीच कमी. माणसाच्या रक्तपेशी बशीत ठेवून केलेली चाचणीही स्वच्छ आली होती, कारण औषध द्रावणात मिसळून पाहिले होते. प्लेटवर चिकटवून पाहिले असते तर धोका दिसला असता, नंतर दिसलाही. या घटनेनंतर पहिला डोस ठरवायची पद्धत बदलली. प्राण्याला किती सोसते यापेक्षा माणसाच्या पेशीत परिणाम दिसायला कमीत कमी किती पुरते, तिथून आता सुरुवात होते. सहा जणांना एकदम न देता आधी एकाला देऊन थांबतात. आणि एक विचित्र पुरवणी: हेच औषध पुढे रशियात हजार पट कमी डोसपासून पुन्हा तपासले गेले, आणि तिथे नियामक पेशी चेतल्याच्या खुणा दिसल्या, सायटोकाइनचे वादळ आले नाही.

कार-टी, म्हणजे कॅन्सरपेशी ओळखण्यासाठी मुद्दाम घडवलेल्या टी पेशी, ही या प्रश्नाची चांगली बाजू. इस्राएलच्या झेलिग एश्हार यांनी प्रतिपिंडाचे टोक थेट टी पेशीच्या सिग्नलच्या शेपटीला जोडले. पहिल्या पिढीतल्या या पेशी बशीत कॅन्सरपेशी मारत, पण रुग्णात टिकत नसत. त्यांच्यात पहिलाच सिग्नल होता, आणि कॅन्सरपेशी काही बी७ घेऊन बसलेली नसते. मग शेपटीतच दुसऱ्या सिग्नलचा तुकडा जोडला, कुणी सीडी२८चा, कुणी ४-१बीबी या तशाच दुसऱ्या रेणूचा, आणि चित्र पालटले. कार्ल जून यांच्या गटाच्या कामातून आलेली ४-१बीबीवाली कार-टी ऑगस्ट २०१७मध्ये मंजूर झाली, सीडी२८वाली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. सीडी२८चा तुकडा असलेल्या पेशी झपाट्याने वाढतात आणि लवकर ओसरतात, ४-१बीबीवाल्या सावकाश वाढतात आणि जास्त दिवस राहतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून बनवलेल्या नेक्सकार१९ या कार-टीमध्ये ४-१बीबी आहे. तिला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ला पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते ती उपलब्ध झाली. परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या भागात. पुस्तकातला ‘सिग्नल २’ बाटलीत भरून खारघर-परळच्या रुग्णापर्यंत पोचतो तो असा.

बाकीचे रेणू झटपट. सीडी४०एल हा टी पेशीचा उलट निरोप आहे, तो डेंड्रिटिक आणि बी पेशींना चेतवतो. तो नसलेल्या मुलग्यांना हायपर आयजीएम सिंड्रोम हा प्रतिकारशक्तीचा आजार होतो. आयकॉस बी पेशींना मदत करणाऱ्या टी पेशींसाठी लागतो. ओएक्स४०, ४-१बीबी, सीडी२७ नंतर येतात आणि पेशींना टिकवून धरतात. सिग्नल ३ म्हणजे आयएल-१२, इंटरफेरॉन वगैरे, पेशीने कुठल्या प्रकारची व्हायचे ते ठरवणारे.

आणि पुस्तकी नियमाला छेद देणारी एक गोष्ट. सीडी२८ अजिबात नसलेली माणसे असतात. २०२१मध्ये एका कुटुंबातल्या तिघांचे वर्णन प्रसिद्ध झाले. एकाच्या हातापायांवर झाडाच्या सालीसारखे प्रचंड चामखीळ होते, इतर दोघांनाही चामखीळांचा मोठा त्रास. ते पॅपिलोमा विषाणूने होतात. त्याखेरीज ही माणसे बऱ्यापैकी निरोगी होती. ‘सीडी२८शिवाय टी पेशी चालूच होत नाहीत’ असे उत्तरपत्रिकेत लिहिण्याआधी हे आठवा. जोरदार, पसरणाऱ्या संसर्गात पहिला सिग्नल आणि सायटोकाइन इतके तगडे असतात की दुसऱ्या वाटा वापरून काम भागते. त्वचेच्या वरच्या थरात गुपचूप राहणाऱ्या, दाह न करणाऱ्या विषाणूपुढे मात्र भागत नाही.

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने हे प्रयोगशाळेत करणार असल्याचे लिहिले आहे, म्हणून तिच्यासाठी तेवढे सांगतो. प्लेटचे खड्डे असे लावा: काहीच नाही, फक्त सीडी३ची प्रतिपिंडे, फक्त सीडी२८ची, दोन्ही, आणि पीएमए-आयोनोमायसिन. पेशी सीएफएसई या चमकणाऱ्या रंगाने रंगवा. प्रत्येक विभाजनात रंग निम्मा होतो आणि फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीचा रंग मोजणाऱ्या यंत्रावर) डावीकडे सरकत जाणारी शिखरे दिसतात. फक्त सीडी२८च्या खड्ड्यात काही होता कामा नये. हमखास फसगत होते ती फक्त सीडी३च्या खड्ड्यात: तिथेही छान शिखरे येतात आणि विद्यार्थी दुसरा सिग्नल लागतच नाही असे लिहून मोकळे होतात. बहुतेक वेळा त्यांनी टी पेशी वेगळ्या केलेल्या नसतात, आणि मिश्रणातल्या मोनोसाइट आणि बी पेशी बी७ पुरवत असतात. म्हणून आधी टी पेशी शुद्ध करा, शक्य तर सीडी४५आरए ही खूण असलेल्या नव्या पेशीच घ्या, कारण प्रौढ माणसाच्या रक्तात स्मृतिपेशी पुष्कळ असतात. सीडी३च्या प्रतिपिंडांचा एकच डोस न घेता चार-पाच पायऱ्या लावा. सीडी२८चा फरक खालच्या डोसवर दिसतो, वरच्या डोसवर बुजतो. आयएल-२ मोजायचे तर साधारण २४ तासांनी द्रावण काढा. तिसऱ्या दिवशी काढलेत तर पेशींनी ते पिऊन टाकलेले असते.